उधाणातला रविवार

माझा स्वभावच काळजीखोर. बायको म्हणते, तुम्ही जन्मलात तेव्हा रडायच्या आधी दाराला कडी लावलीय का ते बघितलं असणार. म्हणू दे. पण फुटबॉल क्लबाच्या सेक्रेटरीला असाच स्वभाव लागतो, हे आमच्या गावाने बरोबर ओळखलं होतं. टेम्पो वेळेवर येईल का, बॉलमधली हवा गेली नाही ना, रेफ्री उपाशी तर नाही आला, उपाशी रेफ्री फार शिट्ट्या मारतो, ही सगळी काळजी मी एकट्याने करायची आणि बाकीच्यांनी निवांत खेळायचं, अशी आमची वाटणी होती.

मी मूळचा म्हसळ्याच्या आतल्या अंगाचा, भातशेतीतला. सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो, बदली होऊन या खाडीकाठच्या कोळ्यांच्या गावात आलो आणि इथलाच झालो. हॉस्टेलवर असताना फुटबॉलचं वेड लागलं होतं. पाय कधीच चांगले नव्हते, अक्षर मात्र चांगलं होतं. म्हणून सेक्रेटरी.

आमचा क्लब जिल्ह्याच्या लीगमध्ये अगदी खालच्या गटात. वर्षानुवर्षं तिथेच. आणि क्लबाचा एक कायदा होता, जो कुठेही लिहिलेला नव्हता: मॅच भांगाला. समुद्राकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण मी घाटाखालच्या शेतातून आलेला, मलाही कुणीतरी सांगितलंच होतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी मलूल, चढलं काय नि उतरलं काय, फरक कळत नाही. आमच्याकडे मासेमारी डोलीची. डोल म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं भलंमोठं पिशवीसारखं जाळं. पाण्याच्या ओढीनेच मासळी त्यात शिरते. ओढ नाही तर मासळी नाही. त्यामुळे भांगाला होड्या किनाऱ्यावर आणि आमची पोरं मैदानावर. उधाण आलं की मैदानात फक्त म्हशी.

आमचा कॅप्टन तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख. मैदानावर तो बचावाच्या मध्यभागी उभा राहायचा आणि तिथून सगळ्यांवर ओरडायचा. गोलकीपर, दोन्ही बॅक आणि मधला हाफ हे चौघे त्याच्याच होडीवरचे खलाशी. म्हणजे आमचा अख्खा डिफेन्स एका होडीत. "होडीला काय झालं तर आपली टीम गेली," असं मी एकदा सहज बोलून गेलो. त्याच्या आईने ते ऐकलं आणि माझी अशी काही खरडपट्टी काढली की मी चार दिवस त्या आळीतून गेलो नाही. पण मी खोटं काय बोललो होतो?

कॅप्टनने चाळिशी ओलांडली होती. गुडघा वाजायचा, पावसाळ्यात तर दारासारखा करकरायचा. त्याचं एकच होतं. दर हंगामाच्या शेवटी, आपण पुन्हा खालीच राहिलो हे ठरलं की, माझ्याशेजारी बसून म्हणायचा, "भाऊसाहेब, वरच्या गटात एक मॅच खेळायची हाय मला. एकच. मंग पाय गेला तरी चालंल." लहानपणापासूनचा त्याचा हट्ट होता तो. अगदी साध्या आवाजात म्हणायचा.

आणि त्या वर्षी, काय झालं कुणास ठाऊक, आम्ही जिंकत गेलो. शेवटची एक मॅच उरली, एका कंपनीच्या टीमशी, आणि बरोबरी झाली तरी आम्ही वर जाणार होतो. जिंकायचंसुद्धा नव्हतं, नुसतं हरायचं नव्हतं. तेव्हापासून माझी झोप उडाली. हरणाऱ्या टीमच्या सेक्रेटरीला चैन असते हो, त्याचं कोण काय घेणार आहे?

त्यात आमचे अध्यक्ष. गावाच्या वरच्या अंगाला टेकडीवर मुंबईच्या एका साहेबांनी बंगला बांधला होता. शुक्रवारी संध्याकाळी गाडीसकट बोटीने मांडव्याला उतरायचे, रविवारी परत. टीव्हीवर परदेशातला फुटबॉल बघून बघून त्यांना क्लबाचा छंद लागला. टीमला कपडे दिले, बूट दिले, म्हणून आम्ही त्यांना अध्यक्ष केलं. माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्या तोंडून "वाढ" हा शब्द निघाला की माझ्या छातीत जळजळ सुरू व्हायची. आता वरचा गट, मग जिल्ह्यातली पहिली टीम, मग अकादमी, हिरवं नकली गवत, मुंबईची लीग. व्हरांड्यात बसून सगळं एका दमात. उंटावरून शेळ्या हाकायच्या त्या किती हाकायच्या!

शेवटच्या मॅचच्या आधी त्यांनी बंगल्यावर मीटिंग घेतली. सगळे होते. भांगाचे दिवस जवळ आले होते, म्हणून कॅप्टन आणि त्याचे चौघेही धुतलेले शर्ट घालून आले होते. साहेब म्हणाले, मॅचला एक मोठे पाहुणे येणार आहेत, पण त्यांना हा रविवार जमत नाही. लीगवाल्यांशी आणि समोरच्या टीमशी मी बोललोय. मॅच एक रविवार पुढे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टननेसुद्धा. मीही वाजवल्या, कारण एक आठवडा जास्त सराव मिळणार, असं माझं गणित.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "पुढच्या रविवारी? मग येताना बोंबील आणा. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झालेले असतील, उधाणाचे भरपूर येतील."

भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायची गरजच नव्हती, तरी बघितलं. भांगापासून एक आठवडा पुढे गेलं की उधाण. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. आणि आम्ही तिथे बसून टाळ्या वाजवल्या!

तसाच चपला अडकवून कॅप्टनकडे गेलो. तो ओसरीवर बसून मजेत चहा पीत होता. मी म्हटलं, "तांडेल, टाळ्या कसल्या वाजवल्यास? मॅच उधाणात गेली."

"उधाणात कशी जाईल?" तो हसला. "पुढं ढकलली म्हंजे पुढच्या भांगाला की."

तेव्हा मला उलगडलं. वीस वर्षं आमच्या क्लबात मॅच पुढे गेली की ती पुढच्या भांगालाच जायची. मध्ये दुसरं काही असतं, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. समुद्रावर रविवार कुठे असतो? त्याचं घड्याळ चंद्राचं, साहेबांचं कॅलेंडर भिंतीवरचं, आणि दोघंही एकाच मीटिंगमध्ये बसून एकमेकांना होकार देत होते. मी तारीख सांगितली. त्याने कप खाली ठेवला. मला वाटलं, हा आता रडतो की काय.

लीगला फोन केला. एकदा बदललीय, आता बदलणार नाही, म्हणाले. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "सेक्रेटरी, एका दिवसाने काय होतं? सुट्टी घ्यायला सांगा ना त्यांना." आता बोला! सुट्टी कुणाकडून घ्यायची, समुद्राकडून? उधाणात डोल उचलली नाही तर भरून फाटते, खुंटासकट जाते. आणि आदल्या दिवशीच काढून ठेवली तर ऐन उधाण हातचं जातं. पाच घरांच्या चुली त्या एका जाळ्यावर. दुसऱ्या होडीवरचा माणूस मागावा, तर उधाणात गावातला प्रत्येक हात आपापल्या होडीवर. मी हे सगळं फोनवर मोठमोठ्याने सांगितलं. माझा पारा एकदा चढला की मला आवरत नाही. साहेब म्हणाले, "तुम्ही फार टेन्शन घेता."

शेवटी तोड काढली ती कॅप्टननेच. मॅचचं मैदान तालुक्याच्या गावी, पण बंदराला लागूनच होतं. दुपारच्या भरतीला पाणी थांबलं की डोल उचलायची आणि घरी न येता होडी थेट मैदानाच्या धक्क्याला लावायची. "साडेतीनला म्हंजे साडेतीनला हजर," तो म्हणाला. मी सगळ्यांची नावं टीमच्या यादीत घातली. नियमच तसा आहे. सात माणसं असली तर मॅच सुरू करता येते, आणि यादीत नाव असलेला उशिरा आला तरी उतरू शकतो. तो नियम मी इतक्यांदा वाचला की पाठ झाला.

त्या दिवशी सकाळी कॅप्टनच्या आईने देवीला नारळ ठेवला. आमच्यात नवससायास नाहीत. बायको म्हणाली, "नवस तर तुम्ही बोलणार नाही, मग निदान ॲसिडिटीची गोळी तरी घ्या." घेतली. काही उपयोग झाला नाही.

मैदानाला समुद्राच्या बाजूने गुडघाभर उंचीची दगडी भिंत आहे. मी त्या भिंतीवर चढून उभा राहिलो, पायाशी पाच जणांचे बूट आणि टीशर्ट. पुढे मैदान, मागे धक्का. साडेतीन वाजले. पाणी भरून उतरायला लागलं होतं. होडी नाही. रेफ्रीने घड्याळ दाखवलं. आम्ही आठ जण उभे केले. त्यात गोलमध्ये आमचा झेरॉक्सवाला, ज्याला आजवर कुणी बॉल हाताने धरताना बघितलेला नव्हता. बिचाऱ्याचं पोट त्या टीशर्टातून अर्धं बाहेर. मला म्हणाला, "भाऊसाहेब, मला नीट दिसतही नाय हो लांबचं." मी म्हटलं, "जवळ आल्यावर दिसेल. तेव्हा अंगावर घे."

खरं सांगतो, त्या पोरांनी अंगावरच घेतला. उधाणात कधी न खेळलेले ते जमिनीवरचे आठ. पंप चालवणारा, कंडक्टर, दोघं बांधकामावरचे, असे. डिफेन्स होडीत, त्यामुळे कुणाला मागे कसं उभं राहायचं हेच ठाऊक नाही. सगळेच बॉलच्या मागे. पाहुणे शामियान्यात बसून सरबत पीत होते आणि साहेब त्यांना काहीतरी समजावून सांगत होते. मी एकदा मैदानाकडे बघायचो, एकदा समुद्राकडे. मान दुखायला लागली. प्रत्येक होडीचा ठिपका मला आमचाच वाटायचा. एक होडी आलीसुद्धा, आणि मी बूट उचलून धावलोही, पण ती भलत्याच गावची निघाली. तिच्यावरच्या माणसाला मी विचारलं, आमच्या तांडेलाला बघितलंस का? तो म्हणाला, "डोल उचलतायत अजून. लय भरलीय."

झालं! वीस वर्षं आम्ही भरलेल्या डोलीसाठी आशेने बसायचो, आणि आज भरली तर माझ्या तोंडून शिवी आली. हाफ टाइमच्या थोडं आधी गोल बसला. झेरॉक्सवाला एका बाजूला पडला आणि बॉल दुसऱ्या बाजूने गेला. त्याला कोण काय बोलणार? मी भिंतीवर खाली बसलो. माझ्या मनात तेव्हा क्लब नव्हता, गट नव्हता, काही नव्हतं. तो माणूस इथे पोचेल, त्याला कळेल की हरलो, आणि परत माझ्याशेजारी बसून तेच वाक्य म्हणेल, एवढंच डोक्यात घुमत होतं. ते वाक्य मला आणखी एकदा ऐकवलं नसतं.

दुसरा हाफ सुरू होऊन बराच वेळ गेल्यावर इंजिनाचा आवाज आला. त्या होडीचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. होडी धक्क्याला नीट लागायच्या आतच पाचही जणांनी उड्या टाकल्या. अंगावर खवले, केसांत मीठ, पायांना करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, चिकटलेली. रेफ्रीने प्रत्येकाचे बूट बघितले, नावं ताडली. समोरच्या टीमने कुरकुर केली, पण नियम मला पाठ होता आणि माझा आवाज चढलेला होता. दोराने कॅप्टनची बोटं इतकी सोलली होती की बुटांच्या नाड्या मीच बांधल्या. त्याने एकच विचारलं, "किती?"

"एक शून्य. आपल्यावर."

"बरं," म्हणाला आणि आत गेला.

मग मैदान वेगळंच दिसायला लागलं. आवाज आला ना मागून! "तू तिकडं! तू खाली ये! अरे सोड त्याला, सोड!" सकाळपासून जाळं ओढून आलेली ती माणसं, पण एकदा जागेवर उभी राहिल्यावर त्यांच्यातून वारा जाईना. आठांपैकी दोघांना बाहेर बसवलं होतं आणि झेरॉक्सवाल्याला गोलमधून काढून पुढे पाठवलं होतं. तो इतका दमला होता की समोरच्यांच्या गोलाजवळ कमरेवर हात ठेवून नुसता उभा होता. आम्हाला कॉर्नर मिळाला. कॅप्टन पुढे आला, उडाला, बॉल त्याच्या कपाळाला लागला की खांद्याला, मला अजून सांगता येत नाही. तो झेरॉक्सवाल्याच्या पोटावर आपटला आणि आत गेला. त्याला कळलंच नाही. मागे वळून विचारत होता, "कुठाय बॉल?"

एक-एक. त्यानंतर शिट्टी होईपर्यंत मी काय केलं ते मला आठवत नाही. बायको सांगते की मी फोनवर तिला सगळा वेळ "अजून आहे, अजून आहे" एवढंच म्हणत होतो. शिट्टी झाली आणि कॅप्टन गुडघ्यावर बसला. मला वाटलं गुडघा गेला. धावत गेलो तर तो हसत होता, रडतही होता, नाकातून पाणी, तोंडावर मीठ. "भाऊसाहेब, गेलो ना वर?" मी म्हटलं, "गेलो रे बाबा, गेलो." मीही रडलो. लाज कसली त्यात?

पण ओहोटी सुरू होती. आणखी थोडं थांबले असते तर होडी चिखलात बसली असती, आणि मासळी तशीच होडीत पडलेली. म्हणून ढाल द्यायच्या आधीच ते पाच जण धावत धक्क्यावर गेले. साहेबांच्या दिवाणखान्यात पाहुण्यांसोबतचा तो मोठा फोटो लावलाय, त्यात आमचे आठच खेळाडू आहेत आणि मी. येणारी माणसं विचारतात, बाकीचे कुठे? साहेब सांगतात, लवकर गेले.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्या दोन महिन्यांत साहेबांनी वाढ सुरू केली. मैदानाशेजारी अकादमीचा फलक लागला. नवी मुंबईहून एक कोच आला, तरणा, हुशार, गळ्यात शिट्टी. पनवेलहून सात-आठ पोरं आली, बॉल पायाला चिकटल्यासारखी खेळणारी. गाव बघायला जमायचं. कॅप्टनही छत्री घेऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "काय पाय हायत पोरांचे!" त्याला खरोखरच आनंद व्हायचा. मला मात्र ते बघून काळजी लागायची, कारण मी साहेबांना ओळखत होतो.

नवीन हंगामाच्या नोंदणीच्या वेळी साहेब म्हणाले, "वरच्या गटात मॅच दर रविवारी. समुद्र बघून नाही. ज्यांना दर रविवार जमेल त्यांचीच नावं द्या."

मी म्हटलं, "साहेब, मग ते पाच जण?"

"त्यांना अर्धे रविवार जमत नाहीत. अर्ध्या खेळाडूला घेऊन काय करू?" वाईट आवाजात नव्हे, अगदी शांतपणे म्हणाले. हिशेब म्हणून त्यांचं चूकही नव्हतं, आणि तेच मला जास्त झोंबलं.

मग मी काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं बोललो की वर आणली कुणी टीम? ती जाळं ओढून आलेली माणसं नसती तर आज तुमचा कोच कुणाला शिट्ट्या मारणार होता? नावं नसतील तर माझीही सही नाही. बायको म्हणते की माझा आवाज खाली बाजारात ऐकू आला. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे, घाला पाचही. पण खेळवायचं की नाही ते कोच ठरवेल." मी नावं घातली. जिंकल्यासारखा घरी आलो आणि रात्रभर कूस बदलत राहिलो.

कॅप्टनला सगळं जसंच्या तसं सांगितलं. लपवून काय उपयोग? तो जाळ्याची गाठ मारत होता. ऐकून म्हणाला, "नाव हाय ना? मंग झालं. नाव आसल्यावर कदी ना कदी उतरवतीलच की."

दिवाळीच्या आधी वरच्या गटातली पहिली मॅच आली. अष्टमी होती. नशीब म्हणा, नाहीतर काही म्हणा, पहिलाच रविवार भांगाचा. पहाटे टेम्पो निघायच्या आधी कॅप्टन स्टॉपवर हजर, दाढी केलेली, भांग पाडलेला, हातात बुटांची पिशवी. चौघं खलाशी मागे उभे. त्याची आई सोडायला आली होती. तिने मला बाजूला घेतलं. "बाबा, लक्ष ठेव हां याच्यावर. गुडघा हाय त्याचा." मी मान डोलावली, पण काळजी कसली करायची तेच मला कळत नव्हतं, गुडघ्याची की दुसऱ्या कशाची.

मैदान पनवेलच्या बाजूला, हिरव्या नकली गवताचं. कॅप्टनने वाकून हात लावून बघितलं. "चटई हाय हो ही," म्हणाला. पाच जण बाकावर बसले. आमच्या जुन्या आठांपैकी फक्त कंडक्टर आत होता. पोरं सुंदर खेळली, हे मी कबूल करतो. पहिल्या हाफातच एक गोल झाला. कॅप्टन बाकावरून ओरडायचा, "डावीकडं बघ! खाली ये!" पण आतल्या पोरांना त्या आवाजाची सवय नव्हती. एकाने तर वळून बघितलं की कोण ओरडतोय.

हाफ टाइमनंतर कोचने हाताने खूण केली, बाकावरच्यांनी अंग गरम करा म्हणून. सगळ्यांनाच केली होती. कॅप्टन पहिला उठला. रेषेबाहेर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला लागला. मला वाटलं, आता घेणार. एक बदल झाला, पनवेलचा पोरगा आत गेला. कॅप्टन धावतच राहिला. दुसरा बदल झाला, आणखी एक पोरगा. चौघं खलाशी दमून बसले. कॅप्टन बसला नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे, मध्येच उड्या, मध्येच गुडघा चोळायचा आणि पुन्हा पळायचा. प्रत्येक वेळी कोचसमोरून जाताना थोडा हळू व्हायचा. मी कोचजवळ गेलो. म्हटलं, "शेवटची दोन मिनिटं तरी." तो नम्रपणे म्हणाला, "सर, मॅच हातात आहे, आता चेंज नको." मी काही बोलायच्या आत दुसरा गोल झाला. सगळे नाचायला लागले, आणि थोड्या वेळाने शिट्टी झाली.

आम्ही जिंकलो होतो. साहेबांचा फोन आला, फार खूश होते. मी फोन कानाला तसाच धरून कॅप्टनकडे बघत होतो. तो घामाने निथळत माझ्याकडे आला. पोरांना टाळ्या देऊन आला होता, मनापासून.

"मस्त खेळली पोरं," म्हणाला. मग धाप जरा ओसरल्यावर आजूबाजूला कुणी नाही असं बघून त्याने आवाज खाली घेतला. "भाऊसाहेब, नियम तुमाला पाठ हायत. हे मी बाहेर धावलो ते मॅचमंदी धरतात काय हो?"

"धरतात," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग मान हलवली आणि पाण्याची बाटली मागितली.